ड्रॅगन चालेल, पण बाप कोण ते विचारू नका

आधीच सांगून ठेवते, पुढे सगळे ट्विस्ट फोडलेत. क्रिस्टोफर पाओलिनीची 'एरागॉन' सिरीज ज्यांना वाचायचीय त्यांनी इथेच थांबा, नंतर मला बोल लावू नका.

आणि मी ही पुस्तकं नावं ठेवायला म्हणून वाचली नाहीत, आवडली म्हणूनच चार जाडजूड ठोकळे संपवले. सोलापुरात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, त्यात नववीतली भाची सुट्टीला आलेली, पुस्तकं तिची, मग काय, दोघी पंख्याखाली आडव्या पडून वाचतोय. पण तिसऱ्या भागात जे आलं त्यावरून आमचं दोघींचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, आणि मला वाटतं तो वाद नुसता एका पुस्तकाचा नाहीच, आपण पोरांच्या हातात कसले हीरो देतो त्याचा आहे.

तर गोष्ट अशी. एरागॉन हा पंधरा वर्षांचा पोरगा, मामाकडे वाढलेला, आई त्याला तान्हा असताना सोडून गेलेली, बाप कोण ते कुणालाच माहीत नाही. घरची शेती, पैशांची कायम ओढाताण, थंडीत खायचे वांधे. डोंगरात शिकारीला गेल्यावर त्याला एक निळा चकचकीत दगड सापडतो, तो घेऊन हा खाटकाच्या दुकानात जातो की याच्या बदल्यात थोडं मांस द्या, आणि खाटीक हाकलून देतो. हा सीन मला फार आवडला, कारण जगातली सगळ्यात मौल्यवान वस्तू हातात आहे आणि पोराच्या डोक्यात काय तर घरी आज चूल पेटेल का. तो दगड म्हणजे ड्रॅगनचं अंडं निघतं, त्यातून सफिरा बाहेर येते आणि तिथून पुढे दुष्ट राजा, बंडखोर, एल्फ, बुटके, लढाया वगैरे. आणि या हीरोला वाचता येत नाही! गावातला म्हातारा गोष्टीवाला ब्रॉम त्याला प्रवासात अक्षरओळख शिकवतो. फँटसीचा हीरो अंगठाबहाद्दर, हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

पाओलिनीने हे लिहायला घेतलं तेव्हा तो स्वतः १५ वर्षांचा होता, २००२ साली घरच्यांनीच पुस्तक छापलं आणि २००३ मध्ये मोठ्या प्रकाशकाने उचललं. ते कच्चेपण दिसतं, वर्णनं पानंच्या पानं चालतात, गाजलेल्या सिनेमांचे आणि जुन्या फँटसीचे ठसे जागोजागी दिसतात, पण चालतंय की, पंधराव्या वर्षी आपण काय लिहीत होतो, 'माझा आवडता ऋतू'.

आता मुद्द्यावर येते. या जगात ड्रॅगनचा नियम असा की अंड्यातलं पिल्लू स्वतः माणूस निवडतं. योग्य माणूस समोर येत नाही तोवर ते अंडं फुटतच नाही, मग वर्षं जाऊ दे नाहीतर शंभर वर्षं. म्हणजे जन्म, घराणं, पैसा, राजाचा हुकूम, काही काही चालत नाही. लेखकाने स्वतःच्या हाताने इतका सुंदर नियम बनवला! शेतकऱ्याचं अडाणी पोर, बापाचं नाव माहीत नाही, आणि ड्रॅगन म्हणते हाच माझा. यापेक्षा मोठी गोष्ट काय पाहिजे?

पण नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी एकजण येऊन सांगतो की तुझा बाप अमुक, राजाचा उजवा हात असलेला भयानक ड्रॅगन रायडर, म्हणजे ड्रॅगनने निवडलेला स्वार. तिसऱ्या भागात कळतं की तो नव्हे, बाप म्हणजे ब्रॉम, तोही जुन्या काळातला रायडरच. म्हणजे बाप बदलला पण हुद्दा तोच राहिला! इकडचा बाप रायडर, तिकडचा बाप रायडर, फक्त साधा शेतकरी बाप लेखकाला चालला नाही.

आणि हिशोब करा की. दुष्ट राजाने दडवून ठेवलेली म्हणून आपल्याला जी अंडी माहीत असतात ती तीन. एक एरागॉनसाठी फुटतं. दुसरं मर्टाग नावाच्या पोरासाठी, तो एरागॉनचा सावत्र भाऊ, आई एकच. तिसरं आर्यासाठी, आणि आर्या कोण, तर एल्फ लोकांच्या राणीची मुलगी. अख्ख्या खंडात लाखो लोक, त्यात तीन जागा, दोन एकाच घरात आणि तिसरी राजवाड्यात. आपल्या जिल्ह्यातल्या इलेक्शनचं तिकीटवाटप यापेक्षा वेगळं काय असतं सांगा. तिथेही म्हणतात कार्यकर्त्यांमधून निवडलं, मेरिटवर निवडलं, आणि नाव वाचलं की आडनाव ओळखीचं निघतं.

भाचीचं म्हणणं, मावशी तू सगळ्यात जात-पात राजकारण आणतेस, ही फँटसी आहे, ट्विस्ट पाहिजे म्हणून टाकलाय. ठीक आहे. पण मग हा एकच ट्विस्ट सगळ्यांना का सुचतो? 'बाहुबली' घ्या, २०१५ साली आपल्या इथल्या टॉकीजमध्ये लोक शिट्ट्या मारून मारून दमले होते. धबधब्याखालच्या वस्तीत वाढलेला शिवुडू, खांद्यावर शिवलिंग उचलतो, तो उभा कडा चढून जातो, सगळं स्वतःच्या ताकदीवर. आणि वर गेल्यावर काय, तर तो महिष्मतीचा युवराज. लोक पायावर लोळण घेतात ते त्याचं चढणं बघून नाही, चेहरा बापासारखा आहे म्हणून.

जरा मागे जा. महाराष्ट्रातल्या किती पोरांनी नववी-दहावीच्या सुट्टीत 'मृत्युंजय' वाचली असेल, १९६७ चं पुस्तक, आजही बसस्टँडवरच्या स्टॉलवर मिळतं. खरं तर मराठीत या वयाची पोरं जे मोठं, अद्भुत, रडवणारं वाचतात ते हेच. मीही वाचलं, उशी ओली करून वाचलं. पण आता विचार येतो की कर्णासाठी आपण रडतो ते नेमकं कशासाठी? सारथ्याच्या घरातला मुलगा एवढा धनुर्धर झाला आणि लोकांनी त्याला हिणवलं म्हणून? का सूर्याचा, कुंतीचा मुलगा असून त्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं म्हणून? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा तो खरोखरच अधिरथ आणि राधेच्या पोटचा असता, कवच नाही कुंडलं नाही, तर मग भर सभेत झालेला अपमान बरोबर ठरला असता का? आपल्या रडण्यात 'अरेरे, चुकीच्या माणसाला बोलले' असं काहीतरी दडलंय, आणि ते मला आता टोचतं.

वेताळाचंच घ्या ना. ज्यांच्या लहानपणी घरात 'चांदोबा' यायचा त्यांना झाडावरचं प्रेत, खांद्यावर घेतलेला राजा आणि शेवटचा प्रश्न हे चित्रासकट पाठ असेल. त्या वेताळाच्या गोष्टी सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागर'मध्ये आहेत आणि त्यात एक आहे राजकन्या अनंगरतीची. तिला मागणी घालायला चौघे येतात. पहिला विणकर, रोज वस्त्रांच्या पाच जोड्या विणतो. दुसऱ्याला पशुपक्ष्यांची भाषा येते. तिसरा तलवारबहाद्दर. चौथा मेलेल्याला जिवंत करतो. वेताळ विचारतो, मुलगी कुणाला द्यावी? आता सोलापूरच्या माणसाला विचाराल तर, अहो रोज पाच जोड्या, हातमागावर, एकट्याने, घर चालवेल की हा! मेलेल्याला उठवणारासुद्धा चालेल, निदान घरात डॉक्टर झाला. पण राजा उत्तर देतो तलवारवाला, कारण तो क्षत्रिय आणि मुलगीही क्षत्रिय. विणकर शूद्र म्हणून बाद, पशूंची भाषा जाणणारा वैश्य म्हणून बाद आणि चौथा ब्राह्मण असून आपलं कर्म सोडून असले उद्योग करतो म्हणून बाद. एवढी चार विलक्षण माणसं उभी केली, एकेकावर स्वतंत्र कादंबरी होईल, आणि निकाल लावला जातीवर. वेताळानेही मान्य केलं आणि उडून गेला झाडावर.

ज्या शहरात पूर्व भागातल्या गल्लीत पाय ठेवला की मागांचा खडखडाट ऐकू येतो, जिथली कापडाची पहिली गिरणी १८७७ ची, जिथे चादर-टॉवेलवर अख्ख्या पिढ्या जगल्या, तिथल्या पोराने ही गोष्ट वाचून काय समजायचं? आणि इथे ओळख झाली की आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, तरी पत्ता लागला नाही तर हळूच 'म्हणजे कुणापैकी तुम्ही?' पोरं हे पहिलीपासून ऐकतात. त्यांना जन्मावरून ठरणाऱ्या गोष्टी शिकवायला फँटसीची गरज नाही, ते ट्रेनिंग फुकट मिळतं. फँटसी ही एकच जागा अशी की जिथे तो नियम मोडून बघता आला असता.

हॅरी पॉटरवाले लगेच म्हणतील की आमच्यात उलट आहे, शुद्ध रक्ताचा माज करणारेच व्हिलन आहेत, हर्मायनीचे आईवडील साधे डेंटिस्ट आणि तीच सगळ्यात हुशार. मान्य, एकदम मान्य, आणि मला ती सिरीज त्यासाठी आवडतेही. पण तिथेही जादू ही जन्मतः असते किंवा नसते. नसेल तर कष्ट करून मिळत नाही. तो शाळेतला शिपाई फिल्च आठवा, जादूगाराच्या घरात जन्मला पण अंगात जादू नाही, म्हणून गुपचूप पोस्टाने जादू शिकायचा कोर्स मागवतो. ते हॅरीच्या हाती लागतं आणि बिचाऱ्याची अब्रू जाते, आपणही हसतो. मला आता हसू येत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री मुक्त विद्यापीठाची पुस्तकं घेऊन बसणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी आहेत, त्यांच्यावर कोण हसतं?

भाचीचा एक मुद्दा मात्र मला सहज खोडता आला नाही. ती म्हणाली, तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं की आपण या घरातले नाही, आपले खरे आईबाबा कुणीतरी भारी असणार आणि एक दिवस येऊन सांगणार. त्यात जात नाही, एकटेपणा आहे. खरंय. फ्रॉइडनेही यावर लिहिलंय, फार जुनी गोष्ट आहे ती. घरात सतत तुलना, मार्क, क्लास, 'शर्माजींचा मुलगा', अशा पोराला गुप्त राजपुत्र व्हावंसं वाटलं तर त्यात वाईट काय. पण माझं म्हणणं एवढंच की एकटेपणावर उतारा म्हणून 'तू खास आहेस' एवढं पुरे होतं, 'तू खास आहेस कारण तुझा बाप खास होता' हे शेपूट कशाला? ड्रॅगनने निवडलं तेव्हाच त्या पोराचा एकटेपणा संपला होता. सफिरा त्याच्याशी मनातल्या मनात बोलते, त्याच्यासाठी मरायला तयार असते. त्यानंतर बापाच्या सर्टिफिकेटची गरज एरागॉनला नव्हती, लेखकाला होती.

आणि गंमत म्हणजे याच सिरीजमध्ये दुसरा हीरो आहे आणि तो खरा हीरो आहे. रोरान, एरागॉनचा मामेभाऊ. लग्नासाठी पैसे जोडायचे म्हणून शेजारच्या गावी गिरणीवर कामाला गेलेला पोरगा. ड्रॅगन नाही, जादू नाही, भविष्यवाणी नाही, कुणी म्हातारा येऊन कानात काही सांगत नाही. बाप मेला, बायको व्हायची ती पोरगी पळवून नेली, गावावर सैन्य आलं, तर हा हातोडा घेऊन उभा राहतो आणि लोकांना पटवतो की चला, इथून निघू. मग अख्खं गाव, म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत चालत जातात आणि तिथे जहाज पळवतात. दुसऱ्या भागातली ती प्रकरणं मी अधाशासारखी वाचली, एरागॉन तेव्हा एल्फांच्या जंगलात ट्रेनिंग घेत असतो ती पानं सरळ चाळली. रोरानला लोक मानतात ते त्याने काय केलं ते डोळ्यांनी बघितलंय म्हणून. त्यालाही शंका येतात, त्याच्यामुळे माणसं मरतात, तो मेलेल्यांची मोजदाद मनात ठेवतो. पण कव्हरवर कोण? चारही भागांवर ड्रॅगन.

जादूचा नियमही या पुस्तकात एकदम आपल्या बाजूचा आहे. मंत्राने एखादं काम करायला तेवढीच शक्ती लागते जेवढी ते हाताने करायला लागली असती. मोठा दगड मंत्राने उचललास तर घाम तेवढाच, जास्त मोठा उचललास तर जीव जाईल. म्हणजे जादूतही फुकट काही नाही, मजुरी द्यावीच लागते! नंतर ती शक्ती दुसऱ्यांकडून काढून घ्यायच्या, हिऱ्या-माणकांत साठवायच्या पळवाटा निघतातच, तो भाग वेगळा. आणि एके ठिकाणी बंडखोरांकडे पैसे संपतात तर त्यांची पुढारी नासुआदा, हुशार बाई, जादूगारांना बसवून लेस विणायला लावते. हाताने विणायला खूप वेळ लागतो म्हणून लेस महाग, मंत्राने झटक्यात होते, स्वस्तात विकायची आणि सैन्य पोसायचं. भाचीला ती आयडिया भारी वाटली. मला पहिला प्रश्न पडला की हाताने विणणाऱ्या बायकांचं काय? हातमागाचं यंत्रमागाने काय केलं, मोठमोठ्या मिल बंद पडल्यावर घराघरात काय झालं, हे ज्या शहराने बघितलंय तिथे ती लेस नुसती गंमत म्हणून वाचता येत नाही. या एका प्रसंगावर इथल्या कुणीतरी वेगळी कादंबरी लिहावी, खरंच.

पाओलिनीचं श्रेय मात्र देते. अगदी शेवटी तो रायडरांचा जुना करार बदलतो, आत्तापर्यंत फक्त एल्फ आणि माणसांना मिळणारा ड्रॅगन यापुढे बुटक्यांना आणि उर्गल लोकांनाही मिळू शकेल. उर्गल म्हणजे शिंगं असलेले, ज्यांना पहिल्या भागात नुसते राक्षस म्हणून कापून काढलेलं असतं. बंद दार उघडलं, आणि ते कुणाच्या बापाचं नाव न विचारता. हजारो पानांच्या सिरीजमधली सगळ्यात मोठी घटना हीच, आणि ती शेवटच्या प्रकरणांत उरकलीय. पहिला उर्गल रायडर, त्याच्या शाळेतला पहिला दिवस, बाकीच्यांच्या नजरा, कँटीनमध्ये त्याच्या शेजारी कोण बसतं, हे वाचायला मी पाचवा ठोकळाही आणला असता.

'आपल्या मातीतली फँटसी' पाहिजे असं हल्ली जो तो म्हणतो, आणि मग जे येतं त्यात बऱ्याचदा शाळकरी पोरं देवाचे अंश नाहीतर पांडवांचे पुनर्जन्म निघतात. मग फरक काय पडला? रक्ताच्या जागी मागचा जन्म, म्हणजे आणखी जुनं रक्त. आपल्याकडे दुसरा माल नाही असंही नाही. गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, होम मैदानावर पाळण्यात बसणाऱ्या किती पोरांना माहितीय की शेजारचं तळं ज्याच्या नावाने आहे तो सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातला कर्मयोगी, लोकांना जमवून तळं खोदणारा? शून्यसंपादने या शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात प्रसंग आहे, संत अल्लमप्रभू सोन्नलिगेत येतात, तेच आपलं सोलापूर, आणि खोदकाम करणाऱ्यांचं नाव लावून सिद्धरामाला चिडवतात, की कुठाय तुमचा तो माती उपसणारा. कामावरचे लोक भडकतात आणि दगड मारायला लागतात. काय सीन आहे! एका बाजूला घामाने निथळणारी माणसं, दुसऱ्या बाजूला एकटा जोगी ज्याला दगड लागत नाहीत. आणि पुढे दोघं मिळून निघतात कल्याणला, मुंबईजवळचं नव्हे, बसवेश्वरांचं, आजचं बसवकल्याण, जिथे ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं चांभार हरळय्याच्या मुलाशी लग्न लागल्याचं सांगतात, आणि त्यावरून राजधानी पेटली. यातली एकही गोष्ट शोधायला परदेशी किल्ल्यात जावं लागत नाही, सोलापुरातल्या विजापूर वेशीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर तळं आहे.

अर्थात आपणही आपली सवय सोडत नाही. सिद्धरामाच्याही जन्माची आधी भविष्यवाणी झाली होती असं कथेत सांगतातच, आणि यात्रेतले मान कुणाचे हेही घराण्यांवरूनच ठरतं. कष्टाने मोठा झालेला माणूस आपल्याला जसाच्या तसा पचत नाही, मागे काहीतरी दैवी वशिला लागतो.

लिहिणाऱ्यांना सुचवायचंच झालं तर, पूर्व भागातली एखादी पोरगी घ्या, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी, आई विड्या वळते, बाप मागावर. तिला जे काही येत असेल ते शिकून येऊ द्या, चुकत, हात कापून घेत, रात्र जागून. आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत तिची आई विड्या वळणारी बाईच राहू द्या. राणी निघाली तर पुस्तक तिथेच बंद.

भाचीला हे पटलेलं नाही. ती सुट्टी संपवून गेली, जाताना रोरानवाला दुसरा भाग माझ्याकडे ठेवून बाकीचे तीन घेऊन गेली, म्हणाली तुला तेवढाच लागतो ना. दिवाळीत येईल तेव्हा पॉटरवरून पुन्हा होणार आहे, फिल्चचा मुद्दा तिला फारच लागलाय.